जानेवारीची भूक, ऑगस्टची तूर

तुरीची डाळ कुकरला लावताना ती कुणाच्या शेतातली, असा विचार कुणी करत नाही. लातूरची असेल, अकोल्याची असेल, सीमेपलीकडच्या कलबुर्गीची असेल, एवढंच मनात असतं. पण गेली काही वर्षं आपल्या वरणात थोडी आफ्रिकेची तूरही शिजते आहे. मोझांबिक, टांझानिया आणि मलावी या देशांतून ती जहाजानं येते. त्यातल्या मलावीला तर समुद्रच नाही. तिथली तूर आधी शेजारच्या मोझांबिकमधल्या नकाला किंवा बैरा बंदरापर्यंत जाते आणि मग आपल्या वाटेला लागते.

मलावीच्या दक्षिण भागात, थ्योलो, मुलांजे, फालोंबे, झोम्बा या जिल्ह्यांत, तुरीला नंदोलो म्हणतात. नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला की घरातली माणसं कुदळीनं वरंबे ओढतात. बैल नाहीत, नांगर नाही, सगळी शेती कुदळीवर. वरंब्यावर मका टोकायचा आणि मक्याच्या मधे नंदोलोचे चार दाणे. एप्रिल-मेमध्ये मका निघतो तेव्हा तूर नुकती अंग धरत असते. मक्याची सावली गेली की ती पसरते, फुलते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये शेंगा वाळतात. दाणा बाजारात जातो, पाला मातीत मिसळतो, तुराट्या चुलीत जातात. कापसात नाहीतर सोयाबीनमध्ये तुरीची ओळ धरणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही. तुरीचं मूळ घर भारतच. हजारो वर्षांपूर्वी ती आफ्रिकेत गेली आणि तिथली होऊन राहिली.

पुढची पानं मलावीतल्या छोट्या शेतकऱ्यांविषयी आहेत: सरकारनं, परदेशी देणगीदारांनी, मिशनच्या दवाखान्यांनी आणि स्वतः गावकऱ्यांनी त्यांच्यासाठी काय काय करून पाहिलं याविषयी. ती वाचायला घेण्याआधी वाचकाच्या हाती त्या घराची दिनदर्शिका द्यावी, एवढं काम मी या प्रस्तावनेकडून करून घेणार आहे. कारण छोट्या शेतकऱ्याला मदत करायची म्हणजे त्याच्या शेताला बी-खत द्यायचं, असं आपण सगळेच धरून चालतो. मलावीची गेल्या साठ वर्षांची गोष्ट वाचताना माझं मत बदलत गेलं. मदत त्या घराच्या बारा महिन्यांना पुरली तरच ती शेतापर्यंत पोचते. मधले चार महिने सुटले, तर दिलेलं खतही फुकट जातं.

आधी देशाविषयी थोडं. मलावी म्हणजे ब्रिटिशांच्या काळातलं न्यासालँड, ६ जुलै १९६४ ला स्वतंत्र झालेलं. देशाच्या पूर्व अंगाला साडेपाचशे किलोमीटरहून लांब सरोवर पसरलेलं आहे, पण शेती जवळजवळ सगळी पावसावर. २०१८ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास भरली आणि त्यातले दहापैकी आठांहून जास्त लोक खेड्यांत राहतात. बहुतेक कुटुंबांची जमीन हेक्टरभराच्या आत. आपल्याकडे ज्याला सीमांत शेतकरी म्हणतात, तो तिथला सर्वसाधारण शेतकरी आहे. दक्षिण आणि मध्य भागातल्या अनेक समाजांत जमीन आईकडून मुलीकडे येते आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपल्याकडे मोहिमा काढाव्या लागतात, हे आठवलं की ही गोष्ट मोठी वाटते. मोठी आहेच. पण जमीन बाईची असली म्हणून निंदणी हलकी होत नाही आणि भूक टळत नाही, हेही खरं.

रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. सोबत तोंडीलावणं पालेभाजीचं, शेंगदाण्याचं नाहीतर सरोवरातल्या सुक्या मासळीचं. न्सिमा पोटात गेली नाही तर माणूस जेवला असं धरत नाहीत. ‘चिमांगा न्दी मोयो’, मका म्हणजे जीव, असं तिथं म्हणतात. म्हणून घरात मका आहे की नाही, यावरच सगळं वर्ष बेतलेलं असतं.

आता ती दिनदर्शिका. सुगी एप्रिल-मेची. तेव्हा कणगी भरलेली असते, लग्नं होतात, बाजारात मका स्वस्त असतो. पण शाळेची फी, औषधपाणी, साबण-मीठ, मागचं देणं हे सगळं त्याच वेळी दारात उभं राहतं, म्हणून गरीब घर मका तेव्हाच, पडत्या भावात, विकतं. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत कणगीचा तळ दिसतो. नवा मका हाती यायला अजून चार महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत तेच घर मका विकत घ्यायला बाहेर पडतं आणि तेव्हा भाव दुप्पट-तिप्पट झालेला असतो. मक्याचा भाव पडला तर शेतकरी बुडतो आणि वाढला तरी तोच बुडतो, हे वाक्य शहरात बसून वाचलं तर कोडं वाटेल. त्या कणगीकडे पाहिलं की कोडं उरत नाही. छोटा शेतकरी मेमध्ये विकणारा असतो आणि जानेवारीत घेणारा.

जानेवारीत विकत घ्यायचं तर पैसा कुठून आणायचा? इथं गान्यू येतं. हा शब्द बहुधा पोर्तुगीजांकडून आलेला. त्याचा अर्थ उक्तं काम, गुत्त्याचं काम. दुसऱ्याच्या शेतात इतके वरंबे खुरपून द्यायचे आणि त्याबदली थोडे पैसे नाहीतर टोपलीभर मका न्यायचा. आता हे काम नेमकं कधी निघतं ते पाहा. जानेवारीत प्रत्येकाच्या शेतात मका गुडघ्याएवढा असतो, तण माजलेलं असतं, खताचा दुसरा हप्ता द्यायची वेळ असते. ज्याच्या घरी धान्य आहे त्याला तेव्हाच मजूर लागतात आणि ज्याच्या घरी धान्य नाही त्याला तेव्हाच मजुरी लागते. मग दुसऱ्याचं शेत स्वच्छ होतं आणि आपलं तणात राहतं. घरी परतलेल्या अंगात दुपारी आपल्या वरंब्यावर वाकायची ताकद उरत नाही. मेमध्ये त्या घराचा मका कमी निघतो, म्हणून पुढच्या वर्षी कणगी डिसेंबरऐवजी ऑक्टोबरातच रिकामी होते. एका वर्षाची भूक अशी पुढच्या वर्षाच्या पिकातून फिरून घरी येते. हा फेरा आळसाचा नाही, अज्ञानाचाही नाही. त्या बाईला खुरपणी कधी करायची हे कृषी अधिकाऱ्याइतकंच नीट कळतं. फक्त त्या सकाळी तिची पोरं उपाशी असतात.

मेगन व्हॉन या इतिहासकार बाईंनी न्यासालँडमधल्या १९४९ च्या दुष्काळावर एक पुस्तक लिहिलं, ते १९८७ मध्ये आलं. त्यासाठी त्यांनी सरकारी दप्तरांबरोबर बायकांनी मका कांडताना म्हटलेली गाणीही गोळा केली. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांमधून बाईचं जगणं शोधणाऱ्या अभ्यासकांची परंपरा आहे, त्यामुळे मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. त्या गाण्यांतून जे दिसलं ते असं: दुष्काळ सगळ्यांवर सारखा पडला नव्हता. मजुरीसाठी परमुलखात गेलेल्या नवऱ्यांच्या बायका, म्हाताऱ्या, मागे सोडून दिलेल्या बाया यांच्यावर तो जास्त पडला. पाऊस सगळ्यांचाच चुकला होता, पण कुणाच्या घरात महिन्याचा पगार येत होता आणि कुणाच्या नाही, यावर जगणं ठरलं.

स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आले डॉक्टर हेस्टिंग्ज कामुझू बांडा. १९७१ मध्ये ते तहहयात अध्यक्ष झाले आणि १९९४ पर्यंत त्यांचंच राज्य होतं. त्यांच्या काळात बर्ली तंबाखू हे देशाचं सोनं होतं, पण ते पिकवायची परवानगी मोठ्या मळ्यांनाच होती. छोट्या शेतकऱ्याला ती १९९० च्या दशकात मिळाली. अ‍ॅडमार्क नावाचं सरकारी खरेदी महामंडळ छोट्यांचा माल कमी भावानं घेई आणि त्यातून उरलेला पैसा मळ्यांकडे वळे. हा अन्याय होता, यात मला शंका नाही. पण त्याच अ‍ॅडमार्कची गोदामं आडगावातही होती. मेमध्ये तिथं मका घालता येई आणि जानेवारीत ठरलेल्या भावानं परत विकत घेता येई. पुढे खर्च कमी करण्याच्या नावाखाली अनेक ठिकाणची ती दुकानं बंद झाली आणि जानेवारीचा बाजार खासगी व्यापाऱ्यांच्या हाती गेला. शेतकऱ्याला लुबाडणारी यंत्रणा मोडताना त्याला वर्षभर धरून ठेवणारा खांबही मोडला. असा प्रकार फक्त मलावीतच झाला असं नाही, पण तिथं त्याची किंमत फार लवकर मोजावी लागली.

१९९८ मध्ये सरकारनं देशातल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या शेतकरी कुटुंबाला, सुमारे २८ लाख घरांना, एक पुडकं वाटलं. त्यात एक दशांश हेक्टरला, म्हणजे आपल्या मापानं दहा गुंठ्यांना, पुरेल इतकं मक्याचं बी, खत आणि थोडं कडधान्याचं बी होतं. दोन वर्षं पीक चांगलं आलं. मग देणगीदारांना हे खर्चिक वाटू लागलं आणि पुडकी निम्म्याहून कमी घरांपुरती उरली. त्याच सुमारास राखीव साठ्यातला मकाही विकून टाकण्यात आला. त्या विक्रीत कुणाचा सल्ला होता आणि कुणाचा फायदा, यावर तिथं अजून भांडणं होतात. २००१ चं पीक हुकलं, आणि २००२ च्या जानेवारीत बाजारात मका नव्हता, गोदामात मका नव्हता. लोकांनी कोंडा खाल्ला, कोवळी कणसं उपटून खाल्ली. फेब्रुवारीत अध्यक्ष बाकिली मुलुझी यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. विल्यम कामक्वाम्बा या मुलानं भंगारातून पवनचक्की बांधली, त्याची गोष्ट पुस्तकातून आणि नंतर चित्रपटातून जगभर गेली, मराठी घरांतही पोचली. पवनचक्की सगळ्यांच्या लक्षात राहते. पण तो मुलगा शाळेतून बाहेर पडला तो याच दुष्काळात, फी भरायला घरात काही उरलं नव्हतं म्हणून, हेही वाचकानं लक्षात ठेवावं.

२००५ मध्ये पुन्हा पाऊस दगा देऊन गेला. तेव्हा अध्यक्ष होते बिंगू वा मुथारिका, स्वतः अर्थतज्ज्ञ. देणगीदारांच्या नाराजीकडे दुर्लक्ष करून त्यांनी खतावर मोठं अनुदान सुरू केलं. कुपन दाखवलं की ५० किलोच्या दोन गोण्या, एक पेरणीची आणि एक युरियाची, बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळू लागल्या. सरकारी अंदाजानुसार २००५ मध्ये मका जेमतेम १२ लाख टन झाला होता. तो २००६ मध्ये २५ लाखांच्या वर गेला आणि २००७ मध्ये ३० लाखांच्या वर. दुष्काळी देशानं त्या वर्षी झिम्बाब्वेला मका विकला. जगभरच्या वर्तमानपत्रांनी मलावीचं कौतुक केलं आणि ते वाजवी होतं. श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांवर हवं तेवढं अनुदान उधळणार आणि मलावीनं मात्र बाजारावर विसंबून राहावं, असं सांगणाऱ्यांना त्या पिकानं उत्तर दिलं.

तरीही मला या अनुदानाविषयी पूर्ण समाधान वाटत नाही. एक तर ते आकडे फुगवलेले असावेत असं नंतर अनेक अभ्यासकांना दिसलं. विक्रमी पीक जाहीर झालं आणि काही महिन्यांतच मक्याचे भाव भडकले, हे कसं जमावं? दुसरं म्हणजे खर्च. समुद्र नसलेल्या देशात प्रत्येक गोणी परदेशातून, परक्या बंदरातून, परकीय चलनात यायची. २००८ मध्ये जगात खताचे भाव चढले तेव्हा शेतीखात्याच्या पैशातला मोठा वाटा एका खतातच गेला. रस्ते, पाणी, बियाणं संशोधन, गावोगावचे अलांगिझी म्हणजे कृषी सल्लागार, यांना उरलंसुरलं. पण माझा मुख्य आक्षेप दिनदर्शिकेचा आहे. कुपन नोव्हेंबरात यायचं. जानेवारीत घरात मका नसला तर ते कुपन, नाहीतर गोणीच, विकली जायची. विकली नाही तरी खत दिलेल्या वरंब्यावर तणच पोसलं जायचं, कारण खुरपणारे हात गान्यूवर गेलेले असायचे. २०२० मध्ये योजनेचं नाव बदललं, कुपनाऐवजी ओळखपत्र आलं, पण महिने तेच राहिले.

म्हणून या पुस्तकातल्या दोन छोट्या वाटणाऱ्या प्रयत्नांकडे मी वाचकाचं जास्त लक्ष वेधतो. पहिला, २००६ मध्ये म्चिंजी जिल्ह्यात सुरू झालेली रोख मदत, जिला तिथं ‘म्तुकुला पाखोमो’, घराला वर उचलणारी, म्हणतात. अगदी गरीब, कामाला धड हात नसलेल्या घरांना नियमित थोडे पैसे. ती शेतीची योजना नाही, तिच्यात बी नाही, खत नाही. पण तपासणी झाली तेव्हा दिसलं की पैसे मिळणाऱ्या घरातली माणसं गान्यूला कमी जाऊ लागली आणि स्वतःच्या शेतात जास्त राबू लागली. जानेवारीत हातात आलेल्या त्या थोड्या पैशांनी खताच्या गोणीइतकंच काम केलं. आपल्या रोजगार हमीचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला इथं थांबून विचार करावासा वाटेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांनाही मजुरी हवी होतीच, पण ती कुठल्या महिन्यात आणि घरापासून किती लांब, यावरच तिचा उपयोग ठरत होता.

दुसरा प्रयत्न सरकारचा नाहीच. खेड्यांतल्या बायकांचे बचत गट, तिथल्या भाषेत ‘बांकी म्खोंदे’. खोंदे म्हणजे ओसरी. ओसरीवरची बँक. आठवड्याला ठरलेली रक्कम पेटीत टाकायची, त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं, व्याज चढं असलं तरी ते गटातच राहतं, आणि वर्षाच्या शेवटी सगळं वाटून घ्यायचं. अनेक गट ही वाटणी पेरणीच्या तोंडावर ठेवतात, म्हणजे खत-बियाण्याला पैसा येतो आणि डिसेंबरचा मकाही घेऊन ठेवता येतो. हे वेळापत्रक त्या बायांनी स्वतः बसवलं आहे.

मातीचा भाग मोठा आहे, पण पुढच्या प्रकरणांत तो सविस्तर येतो, म्हणून इथं दोनच गोष्टी. तिथं म्सांगू नावाचं झाड आहे. ते पावसाळ्यात पानं गाळतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं, त्यामुळे त्याच्याखाली मक्याला सावली आडवी येत नाही आणि गळलेल्या पानांचं खत मिळतं. शेतातली अशी झाडं राखणं ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी शहाणीव आहे. दुसरी गोष्ट उत्तरेतल्या एक्वेंडेनी गावच्या मिशन दवाखान्याची. तिथं कुपोषित मुलं पुन्हा पुन्हा भरती होत. २००० साली दवाखान्यातल्या लोकांनी काही शेतकऱ्यांना सोबत घेतलं आणि मक्याच्या जोडीनं शेंगदाणा आणि नंदोलो लावून पाहिला, काढणीनंतर पाला मातीत गाडला. नायट्रोजन मातीला मिळाला आणि प्रथिनं ताटाला. पण गाडण्याची मेहनत बाईची, पोराला भरवण्याचं काम बाईचं, शेंगा विकून आलेल्या पैशाचा निर्णय मात्र नवऱ्याचा, हेही लवकरच दिसलं. मग त्यांनी गावात स्वयंपाकाचे दिवस ठरवले, जिथं पुरुषही चुलीपाशी बसू लागले. शेतीच्या प्रकल्पात पुरुषांना डाळ शिजवायला लावणं हे मला अनेक मोठ्या योजनांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आणि आता पुन्हा तूर, कारण इथं आपण स्वतः या गोष्टीत येतो. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. जुलै २०१६ मध्ये भारतानं मोझांबिकशी दरवर्षी ठरावीक तूर घेण्याचा करार केला. भावाची बातमी मलावीच्या वरंब्यांवरही पोचली आणि लोकांनी नंदोलो वाढवला. त्याच हंगामात आपल्याकडेही शेतकऱ्यांनी तूर वाढवली. २०१६-१७ मध्ये देशात ४८ लाख टनांहून जास्त तूर झाली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. ५,०५० रुपयांचा हमीभाव जाहीर होता, पण बाजार त्याच्या खूप खाली गेला. खरेदी केंद्रांसमोर शेतकरी गोण्या घेऊन दिवसेंदिवस बसून राहिले आणि त्यांना सांगितलं गेलं, बारदाना नाही. ते दिवस मराठवाड्यातलं आणि विदर्भातलं कुठलंही शेतकरी घर विसरलेलं नाही.

५ ऑगस्ट २०१७ ला सरकारनं तुरीची आयात वर्षाला दोन लाख टनांवर आणली. आपल्या शेतकऱ्यासाठी ते करणं भाग होतं, मीही ते केलंच असतं. मोझांबिकचा करार त्या मर्यादेतून वगळला होता. मलावीशी तेव्हा करार नव्हता. आणि ऑगस्ट हा तिथला नंदोलो काढणीचा महिना. शेंगा वाळत आल्या होत्या, मावेंडा म्हणजे फिरते व्यापारी गावात यायचे दिवस होते. एरवीही ते काट्यात मारतातच. त्या वर्षी त्यांनी भाव पाडला, नाहीतर आलेच नाहीत. नंदोलोच्या पैशातून डिसेंबरचा मका आणि खत घ्यायचं ठरवलेल्या घरांची कणगी त्या वर्षी कुठल्या महिन्यात रिकामी झाली असेल, हे आता वाचकाला सांगायला नको.

२०२१ मध्ये भारतानं मलावीशी करार केला: पाच वर्षं, दरवर्षी ५०,००० टन तूर. त्याच वर्षी आयातही पुन्हा मोकळी झाली आणि तेव्हापासून तिची मुदत वाढत आली आहे. अलीकडच्या वर्षांत ही मुदत ३१ मार्चला संपत आली आहे आणि ती पुढे वाढवली जाणार की नाही हे पेरणीच्या वेळी माहीत नसतं. नंदोलोचं बी नोव्हेंबरात टोकलेलं असतं. ३१ मार्चला ते झाड मक्याच्या सावलीत हिरवं उभं असतं, त्याला अजून फूलही आलेलं नसतं.